सहा रुपये रोज आणि दहा रुपये रोज: भुरीबाई चित्रकार कशा झाल्या ते नीट समजून घेऊया

२०२१ च्या जानेवारीत भुरीबाईंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळीकडे एकच स्टोरी फिरत होती, भोपाळला बांधकामावर ओझी वाहणारी भिल्ल बाई, एका मोठ्या चित्रकाराची नजर तिच्यावर पडली आणि ती आर्टिस्ट झाली. स्टोरी खोटी नाहीये, पण ती इतक्या झटपट संपते की मधलं सगळंच राहून जातं. म्हणजे त्या चित्र काढायला शिकल्या कुठे, भिंतीवरचं चित्र कागदावर आलं की नक्की काय बदलतं, त्यांच्या समाजात जे सगळ्यात मोठं चित्र मानतात ते काढायला बायकांना मनाई आहे मग त्यांनी काय केलं, आणि घर चालवून, पोरं वाढवून एखादी बाई चाळीस वर्षं चित्र काढत राहते तेव्हा तिच्या त्या वेळेचे पैसे कोण देतं. मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. कारण चांगला हात असलेल्या बायका आपल्याकडे गावोगावी आहेत, त्यातल्या कितीजणींना कोणी म्हटलं असेल की आज कामावर जाऊ नकोस, चित्र काढ, रोज मी देतो?

तर पहिल्यापासून बघू.

भुरीबाई मूळच्या पिटोलच्या. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातलं हे गाव गुजरातच्या हद्दीला लागून आहे, जवळचं मोठं मार्केट म्हणजे दाहोद. भिल्ल समाज आपल्याला काही लांबचा नाही, नंदुरबार-धुळ्याकडे जाऊन आलेल्या कोणालाही माहितीये, तोच समाज मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थानात पसरलेला आहे. झाबुआचा भाग डोंगराळ, शेती पावसावर, मुख्य पीक मका, आणि पावसाळा संपला की घरंच्या घरं मजुरीला बाहेर पडतात, कोणी गुजरातमधे, कोणी भोपाळ-इंदूरकडे. भुरीबाईंचं लहानपण याच चक्रात गेलं. शाळा नाही. लहान वयातच बहिणीबरोबर मजुरी, जंगलातून लाकडं तोडून आणायची आणि दाहोदला नेऊन विकायची.

आता चित्रकला कुठून आली? तर घरातून. भिल्लांच्या घरात सणवार किंवा लग्न आलं की भिंती शेणामातीने सारवतात आणि त्या ओल्या-सुक्या भिंतीवर बायका आणि मुली चित्रं काढतात, मातीचे उठावाचे आकारही करतात. मोर, झाडं, गुरं, माणसं, विहीर, जे आजूबाजूला आहे ते सगळं. आई करते, मुलगी बघते, मग तिच्या हातात एक कोपरा येतो. रंग विकत आणायचा प्रश्नच नव्हता. लाल पाहिजे तर गेरू, पांढरा खडूच्या मातीचा, पिवळा हळदीचा, हिरवा वालाच्या पानांचा रस काढून, काळा तव्याच्या बुडाचा. आणि ब्रश म्हणजे कडुनिंबाची काडी, तिच्या टोकाला चिंधी किंवा कापूस गुंडाळलेला.

हे मुद्दाम डिटेलमधे लिहिलं कारण भुरीबाईंबद्दल वाचताना "कुठेही न शिकलेली" हे वाक्य हमखास येतं. आर्ट कॉलेजात गेल्या नाहीत, हे बरोबर आहे. पण काडीने मातीच्या भिंतीवर रेघ ओढायची म्हणजे रंग लगेच शोषला जातो, पुसून सुधारता येत नाही, पुढची रेघ कुठे जाणार हे डोक्यात आधी असावं लागतं, आणि अख्ख्या भिंतीची जागा नजरेने मोजावी लागते. हे वर्षानुवर्षं केलेल्या मुलीचा हात तयार झालेला असतो, फक्त त्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही.

आता पिठोरा, कारण तो कळल्याशिवाय भुरीबाईंनी काय केलं ते पूर्ण कळत नाही. भिल्ल, भिलाला आणि गुजरातेतले राठवा या समाजांत पिठोरा हा देव आहे आणि त्याचं चित्र हा एक विधी आहे. घरात आजारपण आलं, जनावरं मरायला लागली, पाऊस नाही, की घरातला माणूस बडव्याकडे जातो, बडवा म्हणजे त्यांचा पुजारी. पिठोऱ्याचा नवस बोलतात. इच्छा पूर्ण झाली की घरातल्या मुख्य भिंतीवर पिठोरा लिहून घ्यायचा. हो, लिहायचा, तिकडे असंच म्हणतात. हे काम करणारे ठरलेले पुरुष असतात, त्यांना लखारा म्हणतात. भिंत सारवून तयार करायचं काम मुलींचं. त्यावर देवांचे घोडे एका ओळीत येतात, पिठोऱ्याचं लग्न येतं, शेती, शिकार, ताक घुसळणारी बाई असं अख्खं जग येतं. रात्रभर गाणी चालतात, बळी दिला जातो, बडव्याच्या अंगात येतं आणि तो एकेक आकृती तपासतो की सगळं जागेवर आहे ना, काही राहिलं तर काढायला लावतो. मग ते चित्र देवाला मान्य झालं.

यात बाईने पिठोऱ्याचा घोडा काढायचा नाही. भिंत ती सारवणार पण घोडा नाही काढणार. भुरीबाईंनी ही मर्यादा कधी मोडली नाही आणि तसं त्या मोकळेपणाने सांगतात. बाहेरच्या माणसाला इथे लगेच वाटतं की बंड करायला हवं होतं, मला मात्र वाटतं की त्यांनी केलं ते जास्त इंटरेस्टिंग आहे. देवाची भिंत देवाकडे ठेवली, आणि बायकांची जी चित्रं होती, सणाची, अंगणातली, जी कोणी "मोठी" मानत नव्हतं, ती उचलून कागदावर आणली आणि तीच इतकी वाढवली की आज भिल्ल चित्रकला म्हटलं की पिठोऱ्याइतकीच भुरीबाईंची झाडं आणि मोर डोळ्यासमोर येतात.

गंमत म्हणजे आपल्या महाराष्ट्रात वारलीमधे बरोबर उलटं घडलं. वारल्यांचा लग्नातला चौक काढायचं काम बायकांचं, सवाशिणींचं, पालघट देवीचा चौक पुरुष काढत नसत. तो कागदावर आणून जगभर नेला जिव्या सोमा म्हसे यांनी, डहाणू भागातल्या गंजाडच्या पुरुषाने. त्यांनाही २०११ ला पद्मश्री मिळाली. म्हणजे विधीमधे ज्याचा हात चालतो, त्याच्याच हाताने कला कागदावर येते असं काही नाही. विधीची भिंत आणि विकायचा कागद या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि कागदावर पहिलं कोण येतं हे बऱ्याच वेळा कागद घेऊन गावात कोण आलं आणि त्याला तिथे कोण भेटलं यावर ठरतं.

भुरीबाईंच्या बाबतीत त्या स्वतःच कागदाच्या दारात येऊन पोचल्या, मजूर म्हणून.

लग्नानंतर त्या भोपाळला आल्या, नवरा-बायको दोघं बांधकामावर. तेव्हा भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी भारत भवन उभं राहत होतं. चार्ल्स कोरिया यांचं डिझाइन, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बिल्डिंग, फेब्रुवारी १९८२ मधे इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिथल्या रूपंकर या कलासंग्रहालयाचे पहिले संचालक होते चित्रकार जगदीश स्वामीनाथन. त्यांचं म्हणणं त्या काळात फार वेगळं होतं. शहरातल्या चित्रकाराचं काम म्हणजे आधुनिक कला आणि आदिवासींचं काम म्हणजे जुनंपुराणं, आदिम, अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती, दोघंही आज जिवंत आहेत, आज काम करतात, मग दोघंही समकालीनच ना? म्हणून रूपंकरमधे दोन्ही प्रकारची कला एकाच छपराखाली आली. आर्ट स्टुडंट्सच्या टीम गावागावात पाठवल्या, कोण काय करतंय ते बघा, जमेल ते आणा. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम असेच त्यांच्यापर्यंत पोचले.

आणि इथे साइटवरच झाबुआच्या बायका ओझी वाहत होत्या. स्वामीनाथन यांनी त्यांना विचारलं की तुमच्याकडे सणाला, लग्नाला भिंतीवर काय काढतात, काढून दाखवाल का? भुरीबाईंना तेव्हा भिली येत होती, हिंदी जेमतेम. प्रश्न समजल्यावर त्यांची पहिली अडचण कलेची नव्हतीच, मी चित्र काढत बसले तर माझं काम कोण करणार, मजुरी कोण देणार, ही होती. मजुरी होती दिवसाला सहा रुपये. स्वामीनाथन यांनी चित्र काढायचे दिवसाला दहा रुपये दिले.

या सहा आणि दहाच्या फरकावर जरा थांबूया. लोक हा किस्सा "बघा किती कमी पैसे" किंवा "बघा किती मोठं मन" अशा टोनमधे सांगतात. मला त्यात दुसरं दिसतं. चित्र काढणं हे काम आहे, आणि मजुरीपेक्षा जास्त किमतीचं काम आहे, हे पहिल्यांदा रोजंदारीच्या हिशोबात मांडलं गेलं, म्हणजे ज्या भाषेत मजुराच्या घरात निर्णय होतात त्याच भाषेत. शाबासकी किंवा बक्षीस दिलं असतं तर ते घेऊन बाई दुसऱ्या दिवशी परत विटांवर गेली असती, कारण संध्याकाळी पीठ आणायचं असतं. रोज मिळतोय म्हटल्यावर दुसरा दिवसही चित्राचाच.

पोस्टर कलर आणि कागद हे दोन्ही त्यांच्यासाठी नवीन होतं. आतापर्यंत रंग म्हणजे आधी माती खणा, पानं कुटा, वाटा, गाळा, अर्धा दिवस तयारीत. इथे झाकण उघडलं की रंग तयार. आणि कागद रंग पिऊन टाकत नाही, त्यामुळे हात झरझर चालतो, भिंतीवर सरळ जाड आकार यायचे ते कागदावर बारीक करता येतात. पण जागा छोटी झाली. भिंत घराची असते, तिला दार असतं, कोपरे असतात, चित्र त्यांच्याशी जुळवून घेतं. कागदाला चार कडा आणि आत मोकळं पांढरं. काय मधे ठेवायचं, काय कडेला, झाड किती वर न्यायचं, हे सगळं आता एका बाईने एकटीने ठरवायचं, शेजारणी आणि नणंदा बरोबर नसताना. भिंतीवरच्या चित्राखाली कोणाचं नाव नसतं, कागदावर सही करावी लागते. इथून "भिल्लांचं चित्र" हे "भुरीबाईंचं चित्र" व्हायला लागलं. कागद आणि कॅनव्हासवर काम करणारी पहिली भिल्ल बाई म्हणून त्यांचं नाव घेतात ते यामुळे.

आता ठिपके. भिल्ल चित्र ओळखायची सोपी खूण म्हणजे ठिपके. आधी आकार सपाट रंगाने भरतात, समजा हरीण पिवळं, आणि तो वाळला की त्यावर दुसऱ्या रंगाचे ठिपके, एकामागे एक, ओळीत, अख्खं अंग भरेपर्यंत. कोणी त्याचा संबंध मक्याच्या दाण्यांशी लावतं, कोणी म्हणतं प्रत्येक ठिपका म्हणजे पूर्वज, अंगावरच्या गोंदणाशीही नातं दिसतं. अर्थ काहीही घ्या, पण जवळून बघितलं की कळतं की प्रत्येक कलाकाराचे ठिपके वेगळे आहेत, जसं अक्षरावरून माणूस ओळखता येतो तसंच. कोणाचे गोल टपोरे, कोणाचे लांबट, कोणी ओळी वळवून शरीराचा गोलावा दाखवतं, कोणी दोन-तीन रंगांचे पट्टे करतं. जे लोक म्हणतात "आदिवासी चित्रं सगळी सारखीच", त्यांनी भुरीबाई आणि लाडोबाई या दोघींची चित्रं शेजारी ठेवून पाच मिनिटं फक्त ठिपके बघावेत. दोघींनी साधारण एकाच काळात भोपाळला कामाला सुरुवात केली, दोघी भिल्ल, आणि तरी हात पूर्ण वेगळे.

विषयही वाढत गेले. झाडं, पक्षी, गाई, होळीच्या आधीचा भगोरिया बाजार हे तर आहेच, पण नंतर बस आली, विमान आलं, टीव्ही, मोबाइल आले. काही लोकांना हे खटकतं, "ओरिजिनल" राहिलं नाही म्हणतात. अरे पण त्यांच्या आईने भिंतीवर आजूबाजूचं जग काढलं आणि मुलीनेही तेच केलं, मुलीच्या आजूबाजूला विमान होतं!

घरच्यांचं काय? ते सोपं नव्हतं. कामाला जायचं आणि बसून चित्रं काढायची, त्याचे जास्त पैसे मिळायचे, यावर नातेवाईक आणि शेजारी कुजबुजायला लागले, नवऱ्याच्या कानावर घातलं गेलं. भुरीबाईंनी मुलाखतींमधे सांगितलंय की मग स्वामीनाथन यांनी नवऱ्याला भारत भवनमधेच चौकीदाराचं काम दिलं, म्हणजे बायको काय करते ते त्याने स्वतःच बघावं. पुढे नवराही मदतीला आला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, भाषण न देता घरातला संशयही मिटला आणि एक पगारही आला.

१९८६-८७ चा मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान त्यांना मिळाला, १९९८ मधे अहिल्या सन्मान. ऐकायला वाटतं की झालं, आता लाइफ सेट. तसं होत नाही. सन्मान एकदा मिळतो, पीठ रोज लागतं. खरी स्थिरता आली ती भोपाळच्या आदिवासी लोककला परिषदेत कलाकार म्हणून काम मिळाल्यावर. म्हणजे सरकारी संस्थेत बसून चित्रं काढायची आणि दर महिन्याला पगार. त्या परिषदेचे बरीच वर्षं संचालक असलेले कपिल तिवारी यांनाही २०२१ लाच पद्मश्री मिळाली, ही गोष्ट बातम्यांमधे फारशी जोडून कोणी सांगितली नाही. दहा रुपये रोज जे १९८० च्या सुमारास एका माणसाने ठरवलं, तेच पुढे संस्थेने पगाराच्या रूपात चालू ठेवलं, आणि त्याच्या जोरावर भुरीबाई प्रयोग करत राहिल्या, घरातल्या पुढच्या पिढीलाही शिकवलं, त्यातले काहीजण आज स्वतः चित्रकार आहेत.

भोपाळला २०१३ मधे जनजातीय संग्रहालय सुरू झालं. तिथे भुरीबाईंनी ७० फूट लांबीच्या भिंतीवर स्वतःचं आयुष्य रंगवलंय, पिटोलचं लहानपण, लाकडं, मजुरी, भारत भवन, स्वामीनाथन, सगळं. जिला लिहायला वाचायला शिकवलं गेलं नाही तिने आत्मचरित्र लिहिलं ते असं, आणि ते परत भिंतीवर. भोपाळला गेलात तर भारत भवन आणि हे संग्रहालय दोन्ही बघा, पण एका दिवसात उरकू नका, संग्रहालयालाच पूर्ण दिवस ठेवा.

आता थोडं व्यवहाराचं, कारण चित्रं आवडली की आपण विकत घेतो आणि तिथे आपल्यालाही काही गोष्टी माहिती पाहिजेत. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तो शैलीला संरक्षण देत नाही, म्हणजे ठिपक्यांनी भरलेलं हरीण कोणीही काढू शकतं, पण भुरीबाईंनी काढलेलं विशिष्ट चित्र कोणी परवानगीशिवाय छापू शकत नाही, त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. तयार चित्र विकत घेतलं की कागद तुमचा होतो, छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. मात्र ऑर्डर देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर कायद्याने तो हक्क ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. हॉटेलं, कंपन्या, प्रकाशक ऑर्डरच देतात, आणि समोरच्या कलाकाराला इंग्रजी करार वाचता येत नसतो. त्यामुळे कोणी आदिवासी चित्रकाराला काम देत असाल तर छापायचे हक्क चित्रकाराकडेच राहतील हे करारात लिहा, तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, मग अंगठा किंवा सही घ्या.

आणि अजून एक, नेटवर शोधताना बऱ्याच लोकांचा घोळ होतो. भुरीबाई नावाच्या दोन भिल्ल चित्रकार आहेत, एक पिटोलच्या, ज्यांच्याबद्दल हा लेख आहे, आणि दुसऱ्या झेर गावच्या, त्याही चांगल्या आणि अनुभवी चित्रकार. विकणारे अनेकदा नुसतं "भुरीबाई, भिल्ल आर्ट" असं लिहितात आणि एकीचं काम दुसरीच्या नावावर जातं. तेव्हा चित्र घेताना कोणत्या गावच्या भुरीबाई हे विचारा, आणि ते पावतीवर लिहून घ्या.